उपाशी गाळणी

पाण्यात कसलाही दोष नव्हता. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट नावापुरतं, प्राणवायू भरपूर. डोंगरातल्या झऱ्यानंही मान खाली घालावी असा अहवाल पडद्यावर झळकत होता, आणि त्या पडद्यासमोर पांढऱ्या बशीत त्याच पाण्यात मेलेला मासा पडला होता. डॉ. पद्मजा मगदूम कधी पडद्याकडे बघत होती, कधी बशीकडे. तिला भीती वाटत होती. कशाची ते अजून सांगता येत नव्हतं, म्हणून ती जास्तच वाटत होती.

मिरजेच्या त्या जीवगाळणी प्रयोगशाळेत मेलेला मासा ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवल होतं ते हा मासा आला कुठून याचं. प्रयोग संपला की त्यातले मासे नष्ट करायचे, असा तिथला नियम. पद्मजाचे वडील भूपाल मगदूम, ज्यांना सगळं जयसिंगपूर आप्पा म्हणतं, त्यांच्या कानावर हा नियम गेला तेव्हा त्यांनी लेकीशी अबोला धरला. मुंगीलाही वळसा घालून जाणारं जैन घर, आणि आपलीच मुलगी असं करते म्हटल्यावर त्यांना घास गोड लागेना. शेवटी तोड निघाली. प्रयोग संपलेले मासे आप्पांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत जाऊ लागले. आप्पा त्यांना पेन्शनर म्हणत. बशीतला मासा अशाच पेन्शनरांपैकी एक.

टाकी आली की गाळणीचा प्रश्न येतोच. माणसं दुकानात जातात आणि विचारतात, पाणी सगळ्यात स्वच्छ कुठला फिल्टर ठेवतो? दुकानदार बिचारा हाताला लागेल ते दाखवतो. स्पंजाची गाळणी कचरा अडवते, कोळशाची वास आणि रंग शोषून घेते, पण ही दोन्ही वरवरची कामं. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात मलमूत्र सोडतो, आणि त्यातून निघणारा अमोनिया त्याच्यासाठी विष असतो. हे विष खाऊन टाकतात ते स्पंजावरच्या चिकट, तपकिरी गाळात राहणारे जिवाणू. म्हणजे आपण जिला घाण समजतो तीच खरी गाळणी. दर रविवारी तो स्पंज नळाखाली खसाखसा धुणारी स्वच्छताप्रेमी मंडळी असतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणू मरतात, मग मासे मरतात, आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

पद्मजाची सगळी उमेद या गाळात गेली होती. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा जिवाणूंची एक जात वाढवली होती, जी चिनी मातीच्या सच्छिद्र मण्यांवर राहायची आणि अमोनियाच नव्हे तर युरियाही फस्त करायची. दुधाला चमचाभर दही लावावं तसे जुने चार मणी नव्या मण्यांत टाकले की नवी गाळणी तयार होई, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला विरजणच म्हणत. आप्पांच्या टाकीसाठी पद्मजानं त्या विरजणाची सगळ्यात मोठी गाळणी नेऊन बसवली. मोठी गाळणी केव्हाही बरी, असं ती शिकली होती आणि इतरांना शिकवतही होती.

आणि तीच गाळणी आप्पांच्या कमरेलाही होती. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन बरीच वर्षं झाली होती. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून हाताच्या शिरा संपल्या, डायलिसिसचा जोराचा प्रवाह सोसेल अशी एकही उरली नाही, तेव्हा पद्मजानं त्यांना कमरगाळणी लावली. कमरेच्या पट्ट्यात मण्यांची डबी. तिच्यातल्या पडद्याच्या एका बाजूनं संथपणे रक्त फिरायचं, दुसऱ्या बाजूला जिवाणू. पडद्यातून जिवाणू जाऊ शकत नसत, पण युरियासारखे लहान रेणू आरपार जात. इतर रुग्णांना बेताच्या डब्या दिल्या होत्या. वडिलांसाठी मात्र तिनं कुणाचंही न ऐकता सगळ्यात मोठी निवडली. मासे आणि मी एकाच गाळणीवर, असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं सांगत.

डॉ. इरफान मुजावर सूक्ष्मदर्शकावरून उठले. ते मूत्रपिंडाचे डॉक्टर, कमरगाळणीचं निम्मं श्रेय त्यांचं. माशाची चिरफाड त्यांनी केवळ पद्मजाच्या आग्रहाखातर केली होती, पण आता त्यांचा चेहरा बदलला होता.

"मॅडम, हा मासा किती दिवस उपाशी होता?"

"एकच दिवस. अष्टमी आणि चतुर्दशीला आप्पा स्वतः उपवास करतात, त्या दिवशी माशांनाही काही घालत नाहीत. ते घरातलेच आहेत म्हणतात."

एका दिवसानं माशाला काही होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. लोक गावाला जातात तेव्हा मासे आठ-आठ दिवस काही न खाता मजेत राहतात. पण या माशाच्या अंगावर स्नायू म्हणून उरलेच नव्हते. हृदयाची भिंत कागदाएवढी पातळ झाली होती आणि शेवटी तीच फाटली होती.

पद्मजाला आप्पांचं फोनवरचं बोलणं आठवलं. अष्टमी झाली की एक जातो बघ, चतुर्दशी झाली की एक जातो, असं ते सांगत होते, आणि त्यात दुःखाबरोबर थोडं कौतुकही होतं. पेन्शनरांनी माझ्याबरोबर व्रत घेतलंय म्हणाले होते. तेव्हा ती हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटली.

प्रयोगशाळेच्या दालनात तसलीच मोठी गाळणी लावलेली दुसरी टाकी होती. तिच्यात मासे खच्चून भरले होते, आणि सगळे धष्टपुष्ट होते. गाळणी तीच, पाणी तेच. फरक एवढाच की आप्पांच्या टाकीत मासे थोडे होते आणि मधूनमधून तेही उपाशी असत. मासा खात नाही तेव्हा त्याचा अमोनिया घटतो. पाणी आपोआप स्वच्छ राहतं. आजवर तिनं विचार इथवरच केला होता, कारण तिला पाण्याची काळजी होती आणि माशांची काळजी होती.

"इरफान," ती म्हणाली, "त्या दिवशी गाळणीनं काय खाल्लं?"

पुढच्या तासाभरात इरफाननी जे केलं ते याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी. फडताळात बरेच दिवस खाद्याविना ठेवलेल्या मण्यांची एक बरणी होती. तिच्यातलं पाणी त्यांनी रेणूमापकात घातलं. भरल्यापोटीच्या मण्यांचं पाणीही घातलं. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले, तेव्हा उपाशी मण्यांच्या पाण्यात एक उंच सुळका दिसला, जो दुसऱ्यात नव्हता. जिवाणू एकेकटे असतात तेव्हा गप्प असतात, पण त्यांची संख्या पुरेशी झाली की ते रेणू सोडून एकमेकांना खुणावतात आणि सगळे मिळून एकच काम करू लागतात. सभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसलाच हा प्रकार. मोठ्या गाळणीत गणपूर्ती कायमचीच होती, आणि उपाशी सभेनं एक ठराव केलेला दिसत होता.

इरफाननी तो रेणू ओळखला, आणि ओळखल्यावर ते खुर्चीवर बसले. त्यांनी जे समजावलं ते असं. माणूस काय, मासा काय, दीर्घकाळ उपाशी राहिला की शरीर स्वतःच स्नायूंना निरोप पाठवतं, की आता तुमच्यातलं प्रथिन मोडून द्या. त्या निरोपाचा एक रेणू असतो. उपाशी मणी हुबेहूब त्याची नक्कल सोडत होते. स्नायू मोडला की अमोनिया निघतो, युरिया निघतो, आणि तो सरळ मण्यांच्या तोंडी जातो. म्हणूनच पाण्यात काही सापडत नव्हतं. मासा विरघळत होता आणि गाळणी ते सगळं लगोलग चाटूनपुसून खात होती.

ही विद्या जिवाणूंना कुणी शिकवली हे पद्मजाला तत्क्षणी कळलं. विरजणाची जात निवडताना ते वर्षानुवर्षं एकच कसोटी लावत आले होते. माशांच्या टाक्यांत गाळण्या ठेवायच्या, टाक्यांमधलं खाद्य तोडायचं, आणि ज्या गाळणीतले जिवाणू तगून राहतील त्यांचंच पुढचं विरजण लावायचं. तगणारे काटकसरी असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. उपाशी राहून कोण जगतं एवढंच त्यांनी विचारलं. कसं जगतं, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"आप्पांचं वजन," इरफान हळूच म्हणाले.

आप्पांचं वजन गेलं वर्षभर उतरत होतं. वय झालं, असं सगळे म्हणत. रक्ताचे अहवाल मात्र इतके सुंदर येत, की पद्मजा ते परिषदांमध्ये दाखवायची. वडिलांचं रक्त आरशासारखं स्वच्छ आहे, असं तिनं भर सभेत सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. मोठ्या गाळणीला आप्पांचा दोन वेळचा माफक आहार पुरत नव्हता. रोज थोडी थोडी ती त्यांना खात होती. आणि आज अनंत चतुर्दशी होती, जैनांच्या दशलक्षण पर्वाचा, त्या दहा दिवसांच्या व्रत-उपवासांचा, शेवटचा दिवस.

तिनं आप्पांकडून वचन घेतलं होतं, की यंदा उपवास करणार नाही. फोन लावला तर तो शेजारच्या कुसुमकाकींनी उचलला. त्यांच्याकडून कळलं, की आप्पा तीन दिवस निर्जळी आहेत. लेकीला सांगू नका, रागावेल, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय. आज सकाळी बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, त्यांना घेरी आली, म्हणून घरी आणून निजवलंय.

जिवाणू मारणारं औषध देता येणार नव्हतं. रुग्णाला एखादं प्रतिजैविक घ्यावं लागलं तर गाळणी मरू नये, म्हणून ही जात कुठल्याच प्रतिजैविकाला दाद देणार नाही अशी तजवीज याच दोघांनी केली होती. कमरगाळणी काढून टाकावी तर डायलिसिसला शिरा नाहीत. उरलं ते एकच, डबीतले बरेचसे मणी काढून गाळणी लहान करायची, आणि आप्पांना ताबडतोब खायला घालायचं. इरफाननी लहान डबी तयार करून मागून यायचं ठरलं. पद्मजा तशीच गाडीत बसली. अंकलीच्या पुलावर तिच्या लक्षात आलं, की आपण मोठ्यानं बोलतोय, आणि आप्पा, खा, एवढंच बोलतोय.

आप्पा टाकीसमोरच्या कॉटवर पडले होते. टाकीतला दिवा चालू होता आणि काचेसारख्या नितळ पाण्यात आता एकही मासा नव्हता. आप्पांची दंडाची हाडं सदऱ्यातून वर आलेली दिसत होती. आठवड्यापूर्वी ती भेटून गेली तेव्हा इतकी नव्हती. त्यांनी डोळे उघडले आणि चोरी पकडली गेल्यासारखे हसले.

"आलीयास होय. त्या काकीला पोटात काही ठेवायचं म्हणून येत नाही बघ."

पद्मजा रागावली नाही, कारण रागवायला लागणारं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती जमिनीवर बसली आणि त्यांचा हात धरून तिनं सगळं सांगितलं. गाळणी उपाशी आहे आणि ती तुम्हाला खातेय, हे वाक्य तिला वडिलांच्या तोंडावर म्हणावं लागलं. दूध घ्या, म्हणाली. आप्पांनी नकारार्थी मान हलवली. आजचा एवढा दिवस, उद्या पारणं आहेच, असं त्यांचं म्हणणं. लहानपणापासून घेतलेला उपवास त्यांनी कधी मोडला नव्हता आणि मरणाची भीती दाखवून तो मोडणाऱ्यातले ते नव्हते. तिनं वाद सोडला आणि आधी पट्ट्याची डबी उघडली. नळ्या चिमटल्या, चिमट्यानं एकेक मणी काढून पातेल्यात टाकला, तळाला थोडेच ठेवले आणि डबी बंद केली. मग पातेल्यात पाणी ओतून ती ते गॅसवर ठेवायला उठली.

आप्पा कोपरावर उठून बसले. अंगात त्राण नसलेला माणूस एवढा चटकन उठेल असं तिला वाटलं नव्हतं.

"उकळतीस त्यास्नी?"

"उकळायलाच हवेत, आप्पा. दर आठवड्याला मणी खळबळलेलं पाणी उकळून टाकायचं, हे तुम्हाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ते मी केलं नाही," आप्पा म्हणाले. "तूच म्हणालीस ना, जिवंत आहेत म्हणून? मग उकळत्या पाण्यात जीव कसा टाकू मी? जिवाणी केली."

पद्मजाच्या हातातलं पातेलं तिथंच थांबलं. हा शब्द तिनं लहानपणापासून ऐकला होता. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून प्यायचं, आणि गाळल्यावर फडक्याला जे बारीक जीव चिकटतात ते झटकून टाकायचे नाहीत. गाळलेल्याच पाण्यानं ते हलकेच धुऊन ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे. तिला जिवाणी म्हणतात. जगातली बाकीची माणसं स्वतःला जंतूंपासून वाचवायला पाणी गाळतात. तिच्या घरात जंतूंना आपल्यापासून वाचवायला गाळत. शाळेत जिवाणू हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा जिवाणीतले ते जिवाणू, असाच अर्थ तिनं लावला होता, आणि आप्पांना तो फार आवडला होता.

मणी नळाच्या पाण्यात धुऊ नका, क्लोरीन असतं, विहिरीचं पाणी वापरा, हेही तिनंच सांगितलं होतं. जयसिंगपुरात आप्पांच्या ओळखीची विहीर एकच होती.

"कुठल्या विहिरीत, आप्पा?"

"बस्तीच्या. दुसरी कुठली?"

दाराशी भिंतीला टेकून कुसुमकाकी बसल्या होत्या. त्यांच्याकडे पद्मजानं आत्ता नीट पाहिलं. पदर सावरणारा त्यांचा हात थरथरत होता आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. आप्पांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण त्यातलं त्यांना काही उमगलं नव्हतं. त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"यंदा सगळ्यांनाच उपवास जड जातोय बाई. अष्टमीला चौघी पडल्या बस्तीत. ऊन म्हणावं तर ऊन नाही."

पद्मजानं पातेलं खाली ठेवलं. पर्वात व्रती माणसं विहिरीचंच पाणी पितात. फडक्यातून गाळून पितात, पण जिवाणू फडक्यात अडकण्याएवढे मोठे नसतात. गेल्या पर्वानंतर आप्पांना कमरगाळणी लागली होती. म्हणजे वर्षभर दर आठवड्याला विरजण विहिरीत पडत होतं. माणसाच्या आतड्यात रोज युरिया झिरपतो, तिथं त्याला काही कमी नव्हतं. धारणेच्या दिवशी, म्हणजे उपवासाच्या आदल्या दिवशी, माणसं पोटभर जेवतात. जिवाणू त्या जेवणावर वाढतात, गणपूर्ती होते. आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव एकदम उपाशी राहतं. मोठी गाळणी, कमी खाद्य. आप्पांच्या टाकीत जे झालं तेच, फक्त टाकी गावाएवढी. हृदय हाही स्नायूच.

तिनं आप्पांना सगळं सांगितलं नाही. त्यांनीच तिचा चेहरा वाचला. मी विहिरीत सोडलं ते लोकांच्या पोटात आहे का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि तिनं होकारार्थी मान हलवली. आप्पांनी रिकाम्या टाकीकडे पाहिलं आणि पाय कॉटखाली सोडले. मग म्हणाले, चप्पल दे.

बस्तीच्या मंडपात माणसं दाटीनं बसली होती. पूजा चालू होती. पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका खांबांना टेकल्या होत्या आणि दोघी-तिघी आडव्या झालेल्या दिसत होत्या, त्यांना कुणी वारा घालत होतं. पद्मजा पुढं झाली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. विहीर, जिवाणू, स्नायू, युरिया. तिचे शब्द त्या मंडपात अगदी हास्यास्पद वाटत होते, तिचे तिलाही. माणसं शांतपणे ऐकत होती आणि कुणीही जागचं हलत नव्हतं. मगदुमांची मुलगी शिकलेली आहे, पण आज हे काय बोलतेय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एका वृद्ध गृहस्थांनी उद्या पारण्याला बघू म्हणून तिला समजावलंही. उद्या किती जण उठतील हे तिला माहीत नव्हतं.

तेव्हा आप्पा पायरीवर आले. त्यांना दोन्ही बाजूंनी धरावं लागत होतं. त्यांनी कुसुमकाकींच्या हातून दुधाचा पेला घेतला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि पिऊन टाकला. भूपाल मगदूम चतुर्दशीला, निर्जळी व्रतात, बस्तीच्या पायरीवर दूध पितात, हे कुणाला डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना.

"मी पाप केलं नाही, चूक केली," आप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "माझ्या चुकीनं तुम्ही मरू नका. हात जोडतो. खा."

पहिल्यांदा खांबाशी पडलेल्या एका बाईला तिच्या सुनेनं दूध पाजलं. मग कुणीतरी केळी आणली, कुणी भिजवलेली डाळ आणली, शेजारच्या घरांत चुली पेटल्या. माणसं रडत रडत खात होती. काहींनी तोंड फिरवलं आणि ती उठून गेली, त्यांच्या मागं त्यांची मुलं धावली. सूर्य मावळायच्या आत खायला हवं होतं, कारण त्यानंतर या घरांमध्ये अन्न शिजत नाही. जिवाणूंना सूर्यास्त कळत नाही, ही गोष्ट पद्मजा मनात घोळवत राहिली.

इरफान लहान डबी घेऊन आले, त्यांनी आप्पांना तपासलं आणि मग पद्मजाला बाजूला नेलं. आप्पा बहुधा वाचतील, म्हणाले. गाळणी आता त्यांच्या मापाची आहे. तिला रडू आलं. ते थांबेपर्यंत इरफान थांबले, पण त्यांना अजून काही बोलायचं होतं.

"आप्पांच्या डबीतले मणी आपण मोजून काढले, मॅडम. ह्यांच्या पोटातले कसे काढणार? औषधाला ते दाद देत नाहीत. आज खाल्लं म्हणून माणसं वाचतील. पण खाल्लं की तेही वाढतील."

पद्मजाला हे मघाशीच कळलं होतं, फक्त कुणीतरी मोठ्यानं म्हणेपर्यंत ती त्याला टाळत होती. वाढलेल्या गाळणीला उद्या आजच्यापेक्षा जास्त लागणार, परवा त्याहून जास्त. या गावात उपवास संपला होता. पण उपवास माणूस ठरवून करतो, तो सोडवता येतो. तापात अन्न जात नाही, शस्त्रक्रियेआधी पोट रिकामं ठेवतात, दुःखात घास उतरत नाही. उपाशी राहायला माणसाला व्रतच लागतं असं नाही, हे आजवर तिच्या मनात आलं नव्हतं.

मंडपाच्या कडेला एक तरुण बाई मांडीवरच्या मुलीला वाटीतून दूधभात भरवत होती. मुलगी वर्ष-दीड वर्षाची असेल, दात येत असावेत, सारखी मूठ चावत होती. चमचा जवळ आला की ती मान फिरवायची. आई थकून पद्मजाकडे बघून हसली आणि म्हणाली, काय सांगू ताई, कालपासून काहीच खात नाही ही, पाणी तेवढं पिते.

पद्मजा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं आईच्या हातातून चमचा घेतला. चेहऱ्यावर कसंबसं हसू आणलं.

"हा घास काऊचा," ती म्हणाली.

मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.